रामशेजच्या पायथ्याशी
(शताब्दी वर्षाच्या पौष वारीत आशेवाडी मुक्कामी केलेले भाषण)

आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनाला उभं राहिलं म्हणजे अभंगाचा आधार असतो. आज नुसतं बोलायचं आहे, म्हणून पाय जरा लटपटतात. चुकलं तर पोटात घाला.

शंभर वर्षं झाली, आपली दिंडी पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ महाराजांच्या समाधीला जाते. वाटेत हा रामशेज लागतो. दर साली आपण त्याला खालूनच हात जोडतो आणि पुढं निघतो. एकादशी गाठायची असते, वर कोण चढणार? आमची साठी उलटली, पण गड पाहिला नव्हता. यंदा शताब्दी म्हणून दिंडी एक दिवस आधी निघाली, आणि आज सकाळी पोरांनी आम्हाला हाताला धरून वर नेलं.

गड काही फार उंच नाही. आशेवाडीतून वाट निघते, पुढं पायऱ्या आहेत. वाटेत गुहेतलं रामाचं देऊळ आहे, जवळ पाण्याचं टाकं आहे. रामरायानं वनवासात इथं शेज केली म्हणून रामशेज, अशी आपली श्रद्धा. वर कातळात खोदलेली टाकी आहेत, देवीचं ठाणं आहे, चोरदरवाजा आहे. समोर देहेरगड, भोरगड दिसतात. खाली आपली द्राक्षाची हिरवी शेतं. सपाटीवर एकटाच उभा असलेला हा डोंगर, ना आजूबाजूला दाट रान, ना अवघड घाट. असा गड एका दिवसात पडायला पाहिजे, असं कुणालाही वाटेल.

औरंगजेबालाही तसंच वाटलं. संभाजी महाराजांच्या काळात, 1682 साली, त्यानं शहाबुद्दीन खानाला मोठी फौज देऊन इकडं धाडलं. गडावर माणसं थोडी. लोखंडी तोफा नाहीत. मग गडकऱ्यांनी काय केलं? लाकडं कोरली, त्याला कातडं मढवलं आणि लाकडाच्या तोफा केल्या! खानानं गडाच्या उंचीला भिडणारा लाकडी दमदमा बांधला, तरी काही चाललं नाही. तो गेला, बहादूरखान आला. त्याला एक मांत्रिक भेटला. म्हणाला, शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या, गडाचा दरवाजा उघडून देतो. नाग केला. मांत्रिक नाग हातात धरून पुढं, फौज मागं. अर्ध्यात पोचला तोच वरून गोफणीचा दगड आला आणि बसला छातीवर! मांत्रिक एकीकडं, नाग एकीकडं. मंडळी, हे आम्ही रचून सांगत नाही. मोगलांच्याच बाजूच्या खाफीखानानं हे लिहून ठेवलंय. पाच वर्षांच्या वर हा गड झुंजला. शेवटी गेला तो लढून नाही, फितुरीनं गेला.

आपला दिंडोरी तालुका तसा पराक्रमाचाच. सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी दाऊदखानाला उघड्या मैदानात हरवलं ते वणी-दिंडोरीलाच, 17 ऑक्टोबर 1670 रोजी. दिंडोरीच्या नावातच दिंडी आहे असं आम्ही कीर्तनात गमतीनं म्हणतो. पण त्या गावच्या मातीत लढाईही आहे, हे पोरांना सांगायला पाहिजे.

आता त्या लाकडी तोफेवरून आम्हाला जे आठवलं ते सांगतो, आणि थांबतो.

बहात्तरचा दुष्काळ. आम्ही चौदा वर्षांचे. घरोघरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खायला मिलो आणि सुकडी. पौष आला तवा गावात बैठक बसली. पुष्कळ जण म्हणाले, यंदा दिंडी राहू द्या. आमचे नाना म्हणाले, "एक साल राहिली की राहिलीच." निघालो सात जण. मृदंगाची पुडी फुटलेली, नवी घालायला पैसा नाही. आणि पुडी असती तरी मृदंगाला कणिक लागते. पोटाला कणिक नव्हती, तर मृदंगाला कुठून लावणार? नानांनी डालडाचा रिकामा डबा घेतला आणि आमच्या गळ्यात अडकवला. म्हणाले, "वाजव."

वाटेनं वाजवला. पण त्र्यंबकच्या शिवेवर दुसऱ्या दिंड्यांचे मृदंग ऐकू आले आणि आम्हाला लाज वाटली. डबा घोंगडीत गुंडाळला. टाळ एकटेच वाजायला लागले. नाना मागं वळले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याच्याकडं आवाज पोचतो रं, भांडं पोचत नाही." आम्ही डबा काढला. समाधीपुढं वाजवला तवा डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

आज आपल्या दिंडीला चार मृदंग आहेत, स्पीकर आहे, पाण्याचा टँकर आहे. चालणारी माणसं मात्र कमी झाली. पौषात द्राक्षाचा माल भरत असतो, थंडी पडली की बागेत धूर करावा लागतो, हे आम्हाला कळतं, आमचीही बाग आहे. पोरं मोटारसायकलवर येतात, दर्शन घेतात, रात्री घरी. आम्ही कुणाला दोष देत नाही. पण घरटी एक माणूस, एक दिवस तरी पायी चाला. गड पाच वर्षं टिकला तो तोफांनी नाही, माणसं जागेवर राहिली म्हणून टिकला.

आणखी एक मागणं. खाफीखान रामशेजच्या किल्लेदाराचं कौतुक करतो, पण नाव लिहीत नाही. आज लोक वेगवेगळी नावं सांगतात. आपल्या सात जणांचं तसं होऊ नये. त्यांतल्या पाचांची नावं आम्ही समितीला लिहून दिली. दोन बाया होत्या, त्यांना सगळे "अमक्याची आई" असंच म्हणायचे. त्यांच्या नातवंडांनी आज रात्री घरी फोन करून आजीचं नाव विचारावं आणि सकाळी चालायच्या आधी समितीला सांगावं. पुस्तकात सातही नावं आली पाहिजेत.

तो डबा आमच्या माळ्यावर अजून आहे. गंजलाय, पण फुटला नाही. तो आम्ही दिंडीला देतो. मृदंगांच्या शेजारी ठेवा.