चंद्राचा खरा फोटो कसा निघतो

(शुक्ल नवमीच्या सायंकाळीं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंद्राविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं आमच्या लोकांना एक तर कवि आठवतात, नाहीं तर पंचांग आठवतें. आज आम्ही दोघांनाही बाजूस ठेवणार आहों. चंद्र हा 3,474 किलोमीटर व्यासाचा दगडधोंड्यांचा मुलूख आहे, आणि त्या मुलखाचें बारीकसारीक रूप आपल्या आंगणांत उभें राहून आपल्याच हातानें फोटोवर उतरवितां येतें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

आधीं पौर्णिमेचा मोह सोडावा. हौशी माणूस नवी दुर्बीण नेमकी पौर्णिमेस चंद्रावर रोखतो आणि हातीं पांढरी भाकरी लागते! नांगरलेलें रान भर दुपारीं पाहा, सपाट दिसतें. तेंच सूर्य उगवतांना पाहा, ढेकूळ न् ढेकूळ आपली सावली टाकून उभें राहतें. पौर्णिमेस चंद्राच्या आपल्याकडील तोंडावर दुपार असते. म्हणून उजेड-अंधाराची शीव जेथें असेल तेथें पाहावें. असल्याच सावल्यांवरून गॅलिलिओनें 1610 च्या सुमारास चंद्रावर डोंगर आहेत असें ठरविलें व त्यांची उंचीही मोजली. चंद्र म्हणजे गुळगुळीत, निर्दोष गोळा, असें सांगणारे पंडित तेव्हां युरोपांतही उदंड होते. त्यांचा पाडाव सावलीनें केला.

फोटोची विद्या नवी होती तेव्हां, 1840 सालीं, न्यूयॉर्क येथें ड्रेपर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें चंद्राची तसबीर घेतली. पण मोठी मेहनत झाली ती पॅरिसच्या वेधशाळेंत. मोरिस लेवी व पिएर प्विझो यांनीं 60 सेंटिमीटर भिंगाच्या, 18 मीटर लांब पल्ल्याच्या दुर्बिणीनें 1894 पासून वर्षानुवर्षें चंद्र टिपला. काचेवर तो जवळजवळ वितीएवढा उमटे. हजारों काचा त्यांनीं खर्ची घातल्या, आणि 1896 ते 1910 या काळांत जो चित्रसंग्रह छापला त्यांत निवडक तेवढ्याच घेतल्या. बाकीच्या काचा कां टाकाव्या लागल्या?

त्याला कारण हवा! वाहत्या ओढ्याच्या तळचा गोटा पाहा. तो जागचा हालत नाहीं, पण वरचें पाणी त्याला नाचवितें. आपण सारे या हवेच्या ओढ्याच्या तळाशीं राहतों. आठ इंची आरशाची दुर्बीण चंद्रावरील सुमारें एक किलोमीटरची खूण वेगळी दाखवूं शकते. पण साधारण रात्रीं हवा तीच खूण तीन-चार किलोमीटरांत फांसून टाकते. प्लेटो नांवाचें शंभर किलोमीटर रुंदीचें काळसर विवर आहे. त्याच्या तळावर दोन-अडीच किलोमीटरांचीं चारपांच लहान विवरें आहेत. एकोणिसाव्या शतकांतले पट्टीचे निरीक्षक त्या ठिपक्यांच्या संख्येवरून वाद घालीत, तो या हवेमुळेंच.

मात्र हवा सारखीच हालत नाहीं. मधूनच एखादा क्षण ती स्थिर होते आणि ठिपका लख्ख दिसतो. असा भाग्याचा क्षण हातीं लागण्याचा संभव किती, याचें गणित डेव्हिड फ्राइड या शास्त्रज्ञानें 1978 सालीं मांडलें. पुढें हलक्या किंमतीचे व्हिडिओ कॅमेरे आले आणि तें गणित सामान्य माणसाच्या हातीं आलें. दुर्बिणीस कॅमेरा लावावा, सेकंदास शंभर चित्रें घ्यावीं. तीन मिनिटांत 18,000 चित्रें होतात. मग आमचा शेतकरी खळ्यावर जें करतो तेंच करावयाचें : उफणणी! संगणक प्रत्येक चित्राची स्पष्टता तपासतो, दहांतलें एक ठेवतो, बाकीचें भूस वाऱ्यावर सोडतो. राहिलेलीं 1,800 चित्रें एकावर एक बसविलीं म्हणजे कॅमेऱ्याचा दाणेदार मळ चाळीसपट कमी होतो. फार वेळ मात्र घेऊं नये. चंद्रावरील उजेडाची शीव त्याच्या मध्यभागीं ताशीं सुमारें पंधरा किलोमीटर सरकते, आणि सावल्याही बदलतात.

येथें आम्हांस एक तक्रार मांडावयाची आहे. हल्लीं कांहीं मोबाईल चंद्राचा असा फोटो देतात कीं पाहणारा थक्क व्हावा. 2023 सालीं एका गृहस्थानें चंद्राचें चित्र मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर ठेवलें व खोलींत अंधार करून मोबाईलनें त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेलीं विवरें फोटोंत आलीं! यंत्रानें पूर्वीं पाहिलेल्या चंद्रावरून तीं भरलीं होतीं. याला आम्ही फोटो म्हणत नाहीं. ही ऐकीव गोष्ट आहे. उफणणींत आपण टाकतों, पदरचें घालीत नाहीं. शेवटीं चित्राला धार द्यावी लागते हें खरें, पण तींतही लोभ झाला कीं काठांवर खोट्या पांढऱ्या रेषा उमटतात आणि माणूस त्यांनाच दऱ्या म्हणूं लागतो. शंका आली कीं दुसऱ्या रात्रीं पुन्हां घ्यावा. जें दोन्ही रात्रीं दिसलें तें बहुधा चंद्रावर आहे.

कोणी म्हणेल, हें पॅरिसवाल्यांचें काम. आम्हांस उलट वाटतें. पॅरिसच्या आकाशांत चंद्र कधींही माथ्यावर येत नाहीं; महाराष्ट्रांत येतो. फाल्गुन-चैत्रांतील शुक्ल अष्टमीचा चंद्र संध्याकाळीं जवळजवळ डोक्यावर असतो, आणि तेथें हवेचा थर सर्वांत पातळ. खर्च दुर्बिणीचा, तो चौघांत वांटतां येतो. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची व पत्र्याचें छप्पर टाळावें, गवताची जागा बरी. चांदण्या फार लुकलुकत असतील त्या रात्रीं खुशाल झोपावें.

दुर्बीण तासभर आधीं बाहेर ठेवून थंड करावी लागते, नाहीं तर तिच्या नळींतलीच हवा थरथरते. म्हणून व्याख्यानापूर्वींच ती आंगणांत मांडली आहे. आज नवमी. शिवेजवळ सुमारें 110 किलोमीटर लांबीची, सुरीनें ओढल्यासारखी एक काळी रेघ दिसेल. ती एका कड्याची सावली आहे. कड्याची उंची कांहींशें मीटरच, पण कोवळ्या उन्हांत सावली लांब पडते. कृष्णपक्षांत तोच कडा ऊन समोरून घेतो आणि पांढरा दिसतो. आधीं मुलांना पुढें येऊं द्या, आणि नळीला हात लावूं नका.