ऑइल प्रेशरचा काटा खरा की खोटा?



चिखलणी अर्ध्यावर आली आहे, उद्याच्या लावणीला माणसं सांगून ठेवली आहेत, आणि ट्रॅक्टरचा ऑइल प्रेशरचा काटा एकदम शून्यावर येतो. किंवा भाजीची जीप खोपोलीहून बोरघाट चढताना लाल दिवा लागतो. कुणी म्हणतो, "मीटरच खोटा आहे, चालू द्या." कुणी घाबरून इंजिन खोलायला देतो. पहिल्यात बेअरिंगं जळतात, दुसऱ्यात पैसे!

तेव्हा आधी इंजिन बंद करा. गाडी सपाट जागी ठेवून दहा मिनिटांनी काडीवर ऑइल पाहा. कमी असेल तर भरा. ऑइल दुधाळ दिसलं किंवा त्याला डिझेलचा वास आला, तर इंजिन सुरू न करता मिस्त्रीला बोलवा.

ऑइल ठीक असेल तर सेंडर पाहावा. इंजिनवर आट्यांनी बसवलेली ही लहानशी डबी. ऑइलच्या दाबाने तिच्यातला पडदा हलतो, त्याप्रमाणे विजेचा प्रवाह बदलतो आणि काटा सरकतो. एका तारेच्या सेंडरला अर्थ मिळते ती इंजिनच्या लोखंडातून. आपल्याकडच्या पावसाचिखलात तारेची टोकं गंजतात, अर्थ कच्ची होते. आट्यांवर टेप जास्त गुंडाळली तरी तेच होतं.

आता क्रमाने तपासा :

१) डिझेलचा आणि पाण्याचा काटाही चुकत असेल, तर बॅटरी, फ्यूज व अर्थ पाहा.

२) सेंडरच्या तारेपाशी ऑइल झिरपत असेल, तर पडदा फाटला, सेंडर बदला. गंज असेल तर घासून काढा.

३) इंजिन बंद, चावी चालू ठेवून तार काढा. काटा एका टोकाला जाईल. तार क्षणभरच उघड्या लोखंडाला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि तार ठीक. हलला नाही, तर दोष तारेत किंवा मीटरमध्ये. लाल दिवा असेल, तर तार काढल्यावर तो विझावा, टेकवल्यावर लागावा. दोन-तीन तारांच्या नव्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग करू नये.

४) शेवटचा निवाडा हातमीटरचा. मिस्त्रीकडून सेंडरच्या जागी तो बसवून घ्या. सुरू करताच दाब दिसला नाही, तर लगेच बंद करा. दिसला, तर इंजिन गरम झाल्यावर मंद आणि वेगात असा दोनदा पाहा. साधारण अंदाज म्हणजे दर १००० फेऱ्यांना १० पौंड. पण गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण मानावा.

दाब बरोबर निघाला, तर त्याच मेकचा सेंडर घाला. दुसऱ्या मेकचा काटा चुकीचा दाखवू शकतो. दाब खरंच कमी असेल, तर फिल्टर, दाबाचा व्हॉल्व्ह, पंप, बेअरिंग या क्रमाने तपासून घ्या.

बंधूंनो, काटा खोटा ठरेपर्यंत तो खराच समजा. एक दिवसाची चिखलणी थांबेल. पण जळालेलं इंजिन सगळा हंगाम घेऊन जातं.