सोसायटीचं दप्तर मोबाइलवर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या वेबसाइटवर कागदपत्रं आधीपासून होतीच. पण ताळेबंद पाहायचा तर फाइल उतरवून घ्या, ती मोबाइलमध्ये कुठे गेली ते शोधा, नाहीतर नातवाला हाक मारा! आता नावावर बोट टेकवलं की पान तिथेच उघडतं.

त्यासाठी सोसायटीचा पैसा लागलेला नाही. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं ‘पीडीएफ.जेएस’ हे साधन मोफत आणि खुलं आहे. ते ब्राउझरमध्येच पान उघडतं, त्यामुळे आपले कागद तिसऱ्या कुणाकडे पाठवावे लागत नाहीत.

कमिटीत चर्चा रंगली ती वेगळ्याच गोष्टीवर. “डाउनलोडचं बटण काढा, म्हणजे कागद बाहेर जाणार नाहीत.” बटण काढता येतं हो! पण पान दिसतंय म्हणजे त्याचा मजकूर तुमच्या मोबाइलपर्यंत पोचलेलाच असतो. आणि स्क्रीनशॉट कोण अडवणार? तेव्हा कोणता कागद कोणाला दाखवायचा, हे आधीच ठरवायला हवं. सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने ते बरंचसं ठरवून दिलंय. उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीची इतिवृत्तं प्रत्येक सभासदाला विनामूल्य पाहता येतात. हिशेबाच्या वह्यांतल्या नोंदी मात्र ज्याच्या त्याने स्वतःपुरत्या. कायद्यात हे कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत पाहायचं आहे. आपण घरबसल्याची सोय वाढवली, एवढंच.

म्हणून इतिवृत्तं सर्व सभासदांना, आणि थकबाकीचं पत्र फक्त त्या फ्लॅटच्या लॉगिनला. ही तपासणी फाइल पाठवण्याआधी सर्व्हरवर होते. कुणी व्हॉट्सॲपवर लिंक फॉरवर्ड केली, तरी बाहेरच्याला पान उघडत नाही.

अडचण राहिलीय ती शोधण्याची. सुरुवातीच्या वर्षांची इतिवृत्तं हस्ताक्षरात आहेत. स्कॅन केली तरी तो फोटोच. नंतरची परिपत्रकं जुन्या मराठी फॉन्टमधली. पडद्यावर सुरेख दिसतात, पण ‘टाकी’ शोधलं तर एकही सापडत नाही, कारण आतमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. युनिकोडमध्ये आणायचं काम सुरू आहे.

हस्तलिखितांना मात्र माणूसच हवा. प्रत्येक सभेची तारीख आणि विषय टाइप केले, तरी गळतीचा ठराव कधी झाला ते मिनिटभरात सापडेल. ते अक्षर लागणारी ज्येष्ठ मंडळी इथेच बसली आहेत. रविवारी सकाळी दहाला ऑफिसात या. टाइप मी करतो, तुम्ही फक्त वाचून दाखवा.