गरिबी मोजायची तर जमीनही मोजा
(पाचोरा येथील सभेतील भाषण)



२००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्व्हेत १३ प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. ज्याला कमी गुण तो जास्त गरीब. कपडे किती, जेवण किती वेळा, कर्ज कोणाचं, सगळं विचारलं. पण गरीब किती दाखवायचे, ती मर्यादा आधीच वरून ठरलेली होती!

आपण जंगलजमीन कसतो, सातबारा नाही. उभ्या पिकातून हाकलतील ही धास्ती कोणत्या रकान्यात लिहायची? गावाच्या सरासरीत आपली वस्ती बुडते. म्हणून भिल्ल, तडवी यांची बेरीज वेगळी मांडा, ही आपली मागणी.

यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला लावा. नाव सुटलं तर लेखी हरकत द्या, पोच घ्या.

आधी जमीन नावावर करा, मग गुण मोजा!

जिंदाबाद!