गोणीच्या तोंडाशी कोण उभं राहणार?

(तुर्भे परिसरातील बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिमेंट, वाळवलेली रेती आणि बारीक खडी ठरलेल्या प्रमाणात मिसळून गोणीत भरायची आणि बांधकामावर नेऊन त्यात फक्त पाणी घालायचं, असं कोरडं काँक्रीट हल्ली विकलं जातं. या गोण्या भरण्याचं केंद्र आपल्या वस्तीशेजारी उभं राहतं आहे. ठेकेदाराने आपल्यातल्या पंधराजणींना काम देऊ केलं आहे, म्हणून आजची ही बैठक.

मी समाजकार्य शिकलेली. ही बातमी कळल्यावर मी आधी विचारलं, रोज किती? पुरुषाइतकाच ना? हजेरीपटावर नाव लागणार का? हे प्रश्न बरोबरच होते. पण इथे बसलेल्या एका मावशींनी मला थांबवलं. त्यांचे यजमान दगडखाणीत होते. टीबी म्हणून कितीतरी दिवस औषधं चालली, गुण आला नाही. फार उशिरा कळलं की तो सिलिकोसिस होता. मावशी म्हणाल्या, "ताई, पैशाचं मागाहून बघू. धूळ कुठं जाणार ते आधी विचारा."

त्यांचं म्हणणं मला नीट समजून घ्यावं लागलं. रेतीत आणि बऱ्याच खडीत सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि तिथे व्रण होतात. ते व्रण भरून काढणारं औषध नाही. तोंडाला पदर बांधून हे कण अडत नाहीत. खाणीत निदान पाणी मारून धूळ बसवता येते. इथे तेही चालत नाही, कारण पाणी लागलं की माल घट्ट होतो. म्हणजे यंत्र झाकलेलं हवं आणि जिथे गोणी भरते तिथेच धूळ ओढून घेणारा पंखा व गाळणी हवी. दुसरा मार्ग नाही.

आता कामाची वाटणी बघा. यंत्राचं बटण पुरुषाकडे. तो कुशल कामगार. गोणीचं तोंड धरणं, शिवणं, फाटलेली गोणी पुन्हा भरणं, झाडू मारणं हे बाईकडे, ती हेल्पर. सगळ्यात जास्त धूळ उडते ती याच कामांत. कोरड्या झाडूने तर बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते.

शिवाय वजन. सिमेंटची गोणी 50 किलोची असते. ती अर्धी करून 25 किलोची केली, तरी दिवसाला 300 गोण्या म्हणजे 7,500 किलो होतात. बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलून अंग बाहेर आलेल्या बायका आपल्या वस्तीत आहेत. त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं होतं. 2020 च्या संहितेत पन्नासपेक्षा जास्त कामगार, असा आकडा आला. छोट्या केंद्रातल्या आपण पंधराजणी यातल्या कुठल्याच आकड्यात बसत नाही. सिलिकोसिसची नोंद करण्याची सक्ती दोन्हीकडे आहे. पण डॉक्टरने टीबी लिहिलं तर नोंद होणार कशाची?

म्हणून मागण्या आत्ताच करायच्या, कारण अजून तिथे नुसता पाया भरला आहे. धूळ ओढणारी नळी भिंत बांधतानाच बसते. नंतर 'खर्च वाढतो' हे उत्तर ठरलेलं. गोणी 25 किलोच्या वर नको, आणि ती कमरेच्या उंचीवर पट्ट्यावरून सरकली पाहिजे. झाडूऐवजी धूळ शोषणारं यंत्र हवं. कामाला लागण्याआधी आणि पुढे दरवर्षी छातीचा फोटो काढायचा आणि त्याची प्रत आपल्या हातात हवी. यंत्र चालवायला बायकांनाही शिकवायचं.

काम आपल्याला हवंच आहे. घरात चूल पेटायची आहे, हे मी विसरलेले नाही. एकटी गेली तर ठेकेदार म्हणेल, "नको असेल तर दुसरी येईल." म्हणून रविवारी पंधराजणी मिळूनच जाऊ. मावशी पुढे असतील. धुळीचा प्रश्न त्याच विचारतील.