डिस्को ऐकावे, पण हळू आवाजात



अल्लादियाखाँसाहेबांच्या या करवीरनगरीत डिस्को संगीतावर व्याख्यान व्हावे, हे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. देवल क्लबच्या बैठकीत घडलेले कान हा शब्द ऐकताच नकार देतात. तथापि डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नसतात. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री महाद्वार रोडवर राहणाऱ्या वृद्धाला वा तान्ह्या बाळाला नकार देण्याची सोय उरत नाही. तेथे भिंतींना कापरे भरविणाऱ्या त्या ठोक्याचे कूळ शोधत गेले, की ते डिस्कोपाशीच पोहोचते. म्हणूनच अर्धशतकापूर्वीचे हे संगीत आज ऐकण्याच्या योग्यतेचे आहे काय, हा प्रश्न कोल्हापुरात तरी केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

डिस्कोचा जन्म १९७० च्या दशकातल्या अमेरिकेतला. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ही त्याची माहेरघरे. वाद्यवृंद परवडत नसे तेथे तबकड्या लावून नृत्य चाले, आणि एक तबकडी संपण्यापूर्वी दुसरी तीत बेमालूम मिसळणे हे ती लावणाऱ्याचे कसब मानले जाई. 'डीजे' हा शब्द मुळात या माणसाचा. पेट्यांच्या भिंतीला तो पुष्कळ नंतर चिकटला. तबकडीला तबकडी जोडायची तर लय हलून चालत नाही. त्यातून तो प्रसिद्ध ठोका स्थिरावला : चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेवर पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा सारखाच आघात, मिनिटाला साधारणपणे १२०. फिलाडेल्फियाचे वादक अर्ल यंग यांनी १९७३ मध्ये एका ध्वनिमुद्रणात तो ज्या रीतीने वाजविला, तिचे अनुकरण पुढे जगभर झाले.

आता भारतीय कानाची तक्रार नेमकी काय? डिस्कोत खाली नाही. प्रत्येक मात्रा भरीची, प्रत्येक मात्रा ठाशीव. मग समेवर येण्याचा आनंद कोठून यावा? ही तक्रार खरी आहे आणि ती सोडून देण्याचे कारण नाही. खासबाग मैदानात कुस्ती लागते तेव्हा हलगीवाला मल्लाकडे पाहत असतो. डाव पडतो तशी त्याची लय चढते, पकड ताणली की तो थबकतो. तो मल्लाला वाजवितो आणि मल्ल त्याला. डिस्कोचा ठोका कोणाकडेच पाहत नाही. त्याचे सौंदर्य असलेच तर ते ठोक्यात नसून ठोक्याच्या वर जे बांधलेले असते त्यात आहे : खर्जातल्या गिटारची धावती ओळ, व्हायोलिनांचा ताफा, मधूनच उसळणारी पितळी वाद्ये, आणि या सर्वांवर तरंगणारा मानवी गळा. भिंत कोरी असली तरी तिच्यावरचे चित्र उत्तम असू शकते.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. तो या नगरीत घेताना थोडे सावध राहावे लागते. संवादिनी, म्हणजे आपली पेटी, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मली. तिच्या ठाम सुरांत मींड निघत नाही म्हणून १९४० साली नभोवाणीने तिला दार बंद केले आणि ते पुढे तीन दशके पुरते उघडले नाही. त्याच पेटीवर कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी बोटे फिरविली आणि महाराष्ट्र डोलला. 'मानापमान'च्या चाली देणारा हा माणूस परक्या वाद्याचा दास झाला नाही, वाद्यच त्याचे झाले. तेव्हा मूळ कोठले, यापेक्षा ते कोणाच्या हाती पडले आणि त्या हाताने त्याचे काय केले, हे विचारणे अधिक न्याय्य ठरेल.

या कसोटीवर हिंदी चित्रपटातील डिस्कोचा हिशेब मांडला, तर जमा आणि नावे दोन्ही रकाने भरतात.

१९८० साली 'कुर्बानी' आला. बिड्डू या बंगळुरात वाढलेल्या व इंग्लंडमध्ये नाव मिळविलेल्या संगीतकाराने त्यात एकच गीत दिले आणि ते नाझिया हसन या कराचीत जन्मलेल्या अवघ्या पंधरा वर्षांच्या मुलीकडून गाऊन घेतले. त्या गाण्यात वाद्यांची गर्दी नाही. मोकळ्या जागा आहेत, आणि त्यांतून तो अल्लड, काहीसा नाकातला स्वर सहज चालत येतो. जमेच्या रकान्यात हे गाणे निःसंकोच लिहावे. त्याच वर्षी 'प्यारा दुश्मन'मध्ये उषा उत्थुप यांनी गायिलेले एक गीत गाजले. त्याची चाल इरप्शन या इंग्लंडमधील चमूने गाजविलेल्या गाण्यावरून सरळ उचललेली, आणि मुखड्याला मात्र हरीचे नाव. उषाताईंचा आवाज खणखणीतच होता. पण उसन्या मालावर देवाची मोहोर उठविली म्हणून माल स्वतःचा होत नाही.

या उसनवारीचा सर्वाधिक ठपका ज्यांच्यावर आला ते बप्पी लाहिरी. आई-वडील दोघेही बंगालमधील गायक, बाळपणापासून हाताला तबला. सोन्याच्या साखळ्या आणि काळा चष्मा यांखाली हा तबलजी पुढे इतका झाकला गेला, की १९८५ च्या 'ऐतबार'मधील भूपिंदर आणि आशाबाईंची संथ गझल त्यांचीच, हे सांगितल्यावर आजही माणसे चकित होतात. 'डिस्को डान्सर' १९८२ चा. तो सोव्हिएत संघात प्रचंड चालला, त्यातील गाणी तेथील लोक अर्थ न कळता गुणगुणत.

बप्पीदांच्या बाबतीत काळाने एक विलक्षण न्याय केला. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटासाठी त्यांनी लतादीदींकडून एक गीत गाऊन घेतले होते. पितृछत्र हरपल्यावर मास्टर विनायकांच्या कंपनीत कोल्हापुरात दिवस काढलेला हाच तो स्वर. एकवीस वर्षांनी, २००२ मध्ये, अमेरिकेतील एका गाजलेल्या गाण्यात तो परवानगीवाचून वापरलेला आढळला. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि लाहिरी यांचे नाव छापल्याखेरीज त्या तबकड्या विकू नयेत, असा आदेश २००३ साली झाला. ज्याच्यावर पाश्चात्त्यांच्या चाली उचलल्याचा आरोप, त्याचीच चाल पाश्चात्त्यांनी उचलावी! बप्पीदा २०२२ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांत साखळ्यांचीच चर्चा अधिक झाली.

परंतु या सर्वांहून नवलाची गोष्ट मुंबईतच घडली, आणि कोणाच्या लक्षातही आली नाही. चरणजितसिंग हे चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदात वाजविणारे वादक. नव्याने आलेली तीन जपानी विद्युत-वाद्ये घेऊन त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसविले. ललित, भूप, तोडी, यमन, मालकंस. तबकडी निघाली आणि विस्मृतीत गेली. २०१० मध्ये हॉलंडमधून तिची पुनरावृत्ती निघाली, तेव्हा पुढे शिकागोत जन्मलेल्या एका नृत्यसंगीत-प्रकाराशी तिचे साम्य ऐकून युरोपातील जाणकार थक्क झाले. चरणजितसिंगांना म्हातारपणी परदेशातून आमंत्रणे आली. २०१५ मध्ये ते निवर्तले. जयपूर-अत्रौली गायकीचा अभ्यासक त्या तबकडीला ख्याल म्हणणार नाही, आणि तसे म्हणूही नये. तेथे बढत नाही, रागाची केवळ रेषाकृती आहे. पण ज्या यंत्रात सरकता स्वर निघतो, त्याच्याकडून त्यांनी मींड काढून घेतली. पेटीवर ज्या उणिवेसाठी बंदी आली, ती उणीव एका डिस्को-यंत्राने थोडीफार भरून काढावी, हा योगायोग मनोरंजक आहे.

आता पुन्हा महाद्वार रोडकडे. तेथील पेट्यांच्या भिंतीला पश्चिम महाराष्ट्रात 'डॉल्बी' म्हणतात. वास्तविक त्या नावाच्या अभियंत्याने १९६५ साली कंपनी काढली ती ध्वनिफितीतील खरखर घालविण्यासाठी, म्हणजे नको असलेला आवाज कमी करण्यासाठी! २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपलीकडे ऐकू नये असे तज्ज्ञ सांगतात, आणि दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. मिरवणूक पंधरा मिनिटांची नसते. ट्रॉलीपुढे नाचणारा तालमीचा पोरगा विसाव्या वर्षी कानातील ज्या सूक्ष्म पेशी गमावतो, त्या पुन्हा उगवत नाहीत. उद्या भूप आणि डिस्को यांपैकी काय ऐकावे, ही निवडही त्याच्या हाती पुरती उरणार नाही.

हा अपराध डिस्कोचा मानून त्यावरच बहिष्कार घालावा, असे म्हणणारे आहेत. अमेरिकेत तसा प्रयोग झाला होता. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या क्रीडांगणात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला, जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. ठोका मेला नाही. त्याच शहरात काही वर्षांतच तो नव्या नावाने उभा राहिला.

त्यापेक्षा एक साधी परीक्षा घ्यावी. मिरवणुकीत वाजणारे कोणतेही गाणे घरी, दार लावून, शेजारच्या खोलीतील माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात लावावे. पुष्कळ गाणी तेथेच कोसळतात. दणका काढला की हाती काही लागत नाही. 'कुर्बानी'तले ते गीत कोसळत नाही. लतादीदींचे 'ज्योती'तले तर उलट तेव्हाच उमलते. खालची ढोलकी, मागची व्हायोलिने, श्वास घेण्याची जागा, सारे सुटे सुटे ऐकू येते. आरंभ याच दोन गाण्यांपासून करावा. चरणजितसिंगांची तबकडी त्यानंतर, आणि तिच्यातही यमन आधी ऐकावा. तो संध्याकाळी, दिवेलागणीनंतर लावावा.