लेकीचं कॉलेज



पोरगी बारावी झाली की घनसावंगीत आपण म्हणतो, बी.ए. करून काय उपयोग? आम्ही गिरणी कामगार, आम्हीही पैशाचाच हिशोब करतो. पण थोडा इतिहास ऐका. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली खास महिलांसाठी खाजगी विद्यापीठ काढलं, शिक्षण मातृभाषेतून. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले, म्हणून त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ साली. तोवर पदवीला सरकारी मान्यता नव्हती, तरी बाया शिकल्या!

ती वाट तेव्हा मुख्यतः वरच्या जातींची होती. आपल्यासाठी बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं. मग आता आपण का थांबायचं?

पोरीला लांब ठेवायची भीती वाटते, तर महिला कॉलेज बघा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर २०१६-१७ पासून नवबौद्ध मुला-मुलींसाठीही 'स्वाधार' योजना आहे. अर्ज वेळेत भरा. लग्न दोन वर्षं थांबेल, प्रवेशाची तारीख थांबणार नाही. जय भीम!